वाचकांचे प्रश्न : शंभर पुस्तकांची यादी वाचायची कशी?

'द न्यूयॉर्क टाइम्स'ने जुलै 2024 मध्ये एकविसाव्या शतकातल्या शंभर उत्तम पुस्तकांची यादी छापली. तिचे फोटो, कात्रणं आणि फॉरवर्ड अजून फिरताहेत, आणि ठाणे-नवी मुंबईतल्या वाचकांनी ती बरीच मनावर घेतलेली दिसते. आलेल्या पत्रांपैकी बहुतेक याच विषयावरची असल्याने या वेळचं सदर त्यालाच दिलं आहे.

प्रश्न : बीबीसीची 2015ची, 'गार्डियन'ची 2019ची आणि 'न्यूयॉर्क टाइम्स'ची 2024ची, अशा तिन्ही याद्या शेजारी ठेवून पाहिल्या. पहिलं पुस्तक तिन्हींत वेगळं! समीक्षकांचंच जमत नाही तर आम्ही कुणाचं ऐकायचं?
— एक वाचक, घोडबंदर रोड

उत्तर : पहिल्या क्रमांकाचा नाद सोडा. अशा यादीतला सगळ्यांत कमी उपयोगाचा आकडा तोच असतो. बीबीसीच्या यादीत जुनो डियाझ यांची 'द ब्रीफ वंडरस लाइफ ऑफ ऑस्कर वाओ' पहिली, 'गार्डियन'च्या यादीत हिलरी मँटेल यांची 'वुल्फ हॉल', तर 'टाइम्स'च्या यादीत एलेना फेरान्ते यांची 'माय ब्रिलियंट फ्रेंड'. मुळात बीबीसीने फक्त कादंबऱ्यांबद्दल विचारलं होतं, बाकी दोघांनी सगळ्या प्रकारच्या पुस्तकांबद्दल. प्रश्न वेगळा असला की उत्तर वेगळं येणारच.

यादी हातात आली की मत कुणी दिलं, त्यांना काय विचारलं आणि कोणतं पुस्तक पात्र होतं, एवढं आधी पाहावं. 'टाइम्स'ने 503 जणांना विचारलं. त्यात कादंबरीकार, कवी, समीक्षक, इतर ग्रंथप्रेमी असे सगळे होते. प्रत्येकाने दहा पुस्तकं सांगायची. 'उत्तम' म्हणजे काय ते ज्याने त्याने ठरवायचं. अट अशी की पुस्तक 1 जानेवारी 2000 नंतर अमेरिकेत इंग्रजीत निघालेलं हवं, अनुवाद चालतील. शिवाय मतदारांपुढे दोन-दोन पुस्तकं ठेवून 'यातलं कोणतं?' असंही विचारलं आणि त्या उत्तरांची मतांशी सांगड घालून क्रम लावला.

आता हिशेब करा. 503 जणांची प्रत्येकी दहा, म्हणजे फार तर 5,030 मतं. ती शेकडो पुस्तकांत वाटली गेली की वरच्या काही नावांना भरपूर मिळतात आणि पन्नासाव्यापासून पुढे एकेक पायरी मोजक्या मतांची उरते. त्यामुळे 58वं आणि 83वं यांच्यात फरक आहे असं समजून वाचायला घेऊ नका. दुसरी गोम मतविभागणीची. फेरान्ते यांची नेपल्सची मालिका चार भागांची आहे. तिचा पहिला भाग यादीत अव्वल आणि चौथा भाग पार खाली, ऐंशीच्या घरात. ही एकच सलग कथा आहे. चौथा भाग पहिल्यापेक्षा ऐंशी पायऱ्यांनी कमअस्सल आहे असं तो वाचलेला माणूस म्हणणार नाही. मालिकेला मत द्यायचं तर बहुतेक जण पहिल्या भागाचं नाव लिहितात, इतकंच. ज्या लेखकाची चार-पाच पुस्तकं सारखीच चांगली आहेत त्याचंही असंच नुकसान होतं.

म्हणून तीन याद्यांत सामाईक काय ते काढा. 'वुल्फ हॉल' बीबीसीकडे तिसरी, 'गार्डियन'कडे पहिली, 'टाइम्स'कडे तिसरी. मेरिलिन रॉबिन्सन यांची 'गिलियड' अनुक्रमे चौथी, दुसरी, दहावी. एडवर्ड पी. जोन्स यांची 'द नोन वर्ल्ड' बीबीसीकडे दुसरी आणि 'टाइम्स'कडे चौथी. काझुओ इशिगुरो यांची 'नेव्हर लेट मी गो' आणि डब्ल्यू. जी. झेबाल्ड यांची 'ऑस्टरलिट्झ' या दोन्ही 'गार्डियन' आणि 'टाइम्स'च्या पहिल्या दहांत. वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या लोकांनी, वेगळ्या नियमांनी निवडूनही जी नावं टिकली ती ही. सुरुवात इथून करा.

प्रश्न : मी शंभरच्या शंभर वाचायचा निश्चय केला आहे. नेरूळहून ठाण्याला रोज जा-ये असते, गाडीत मिळून तासभर वाचन होतं. वेळापत्रक कसं आखू?
— एक वाचक, नेरूळ

उत्तर : आधी तुमचा वेग मोजा. इंग्रजी कादंबरीचं मधलं कुठलंही प्रकरण घ्या, गाडीतच वीस मिनिटं वाचा आणि पानं मोजा. घरातल्या खुर्चीत काढलेला वेग ट्रान्सहार्बर लोकलच्या संध्याकाळच्या गर्दीत उपयोगाचा नाही. समजा दिवसाला वीस पानं झाली. शंभर पुस्तकांची सरासरी साडेतीनशे पानं धरली तर एकूण 35,000 पानं, म्हणजे 1,750 दिवस. आठवड्याला सहा दिवस धरले तर साडेपाच वर्षांच्या वर. एवढ्यात पुढची यादी येईल.

त्यापेक्षा बारा पुस्तकांची एक खेप करा : अडीचशे पानांच्या आतली पाच, साडेतीनशेच्या आसपासची चार, जाडजूड दोन आणि एखादं चित्रमय किंवा लेखांचं. ही साधारण 3,900 पानं होतात. रोज वीस, आठवड्याचे सहा दिवस या हिशेबाने साडेसात-आठ महिने. खेप संपली की पुढची बारा ठरवा. शंभरही आधीच ठरवून टाकली की चौथ्या-पाचव्या पुस्तकाला गाडं अडतं, कारण तोवर आपली आवड कुठे वळली हे कळलेलं असतं आणि यादी मात्र जुनीच असते.

जाड पुस्तक घरी, पातळ पिशवीत. रोबेर्तो बोलान्यो यांची '2666' इंग्रजीत नऊशे पानांच्या आसपास आहे. उभ्याने एका हातात ती धरता येत नाही. तिचे पाच भाग आहेत. लेखक 2003 मध्ये गेले; हे भाग पाच स्वतंत्र पुस्तकं म्हणून काढावेत अशी त्यांची इच्छा होती, वारसांनी एकत्र छापले. तुम्ही खुशाल पाच पुस्तकं समजून, मध्ये दुसरं काही वाचत वाचा. चौथ्या भागात बायकांच्या खुनांची वर्णनं पोलिसी अहवालासारखी एकामागून एक येतात, ती जवळजवळ तीनशे पानं चालतात. पुष्कळ लोक तिथेच पुस्तक मिटतात. तो भाग झोपण्यापूर्वी घेऊ नका आणि एका बैठकीत वीसेक पानांपलीकडे जाऊ नका.

प्रश्न : 'वुल्फ हॉल' दोनदा सुरू केली, दोन्ही वेळा साठ पानांच्या आत सोडली. वाक्यात 'ही' (he, म्हणजे 'तो') कोण तेच कळत नाही. इंग्रजी कच्चं म्हणून का?
— एक वाचक, नौपाडा

उत्तर : तुमच्या इंग्रजीचा काही दोष नाही. ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे तेही नेमके इथेच अडखळतात. मँटेल यांनी सगळी कादंबरी इंग्लंडच्या आठव्या हेन्रीच्या दरबारातल्या थॉमस क्रॉमवेलच्या खांद्यावरून, वर्तमानकाळात सांगितली आहे आणि त्याचं नाव न घेता त्याला 'तो' म्हटलं आहे. व्याकरणाने पाहिलं तर 'तो' आधीच्या वाक्यातल्या माणसाला लागायला हवा, इथे तो लागत नाही. नियम एकच धरा : शंका आली की 'तो' म्हणजे क्रॉमवेल. दहातल्या नऊ वेळा बरोबर येईल.

दुसरा घोळ नावांचा. क्रॉमवेल थॉमस, त्याचा धनी कार्डिनल वुल्सी थॉमस, मोर (More) थॉमस, क्रॅनमर थॉमस, ॲन बोलिनचा बाप थॉमस, नॉरफकचा ड्यूक हॉवर्ड तोही थॉमस. वर ड्यूकला कधी पदवीने, कधी आडनावाने हाक. पण पेशवाईतले दोन बाजीराव आणि दोन सवाई-बिनसवाई माधवराव आपण कधी गोंधळात न पडता वाचतोच की, तो सराव इथे कामाला येतो. पुस्तकाच्या सुरुवातीला ठिकाणांनुसार पात्रांची यादी आणि राजघराण्यांच्या वंशावळी आहेत. त्या पानांचा मोबाइलवर फोटो काढा, किंवा पोस्टकार्डाएवढ्या कागदावर सहा थॉमस आणि त्यांची पदं लिहून तोच कागद खूण म्हणून वापरा.

आणि थोडा इतिहास आधी माहीत असू द्या, रहस्य फुटत नाही : आठव्या हेन्रीला राणी कॅथरीनपासून मोकळं होऊन ॲन बोलिनशी लग्न करायचं आहे, पोपकडून परवानगी आणणं वुल्सीला जमत नाही आणि तो पडतो, त्याचा माणूस क्रॉमवेल मात्र वर चढतो. कथा 1535च्या उन्हाळ्यात थांबते. एवढं डोक्यात ठेवून सुरू केलीत तर मँटेल यांचा तिरकस विनोद दिसायला लागेल. बहुतेकांना तो पहिल्या वाचनात दिसतच नाही, कारण सगळं लक्ष 'हा कोण' याकडे. शंभर पानांपर्यंत जा. तिथेही नकोशी वाटली तर निःशंक सोडा.

प्रश्न : 'ऑस्टरलिट्झ'मध्ये प्रकरणंच नाहीत. स्टेशन आलं की कुठे थांबायचं?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : छायाचित्रांपाशी. पुस्तकभर मथळे नसलेली कृष्णधवल छायाचित्रं पेरलेली आहेत आणि परिच्छेद जवळजवळ नाहीतच. छायाचित्र आलं की थांबा. पुन्हा उघडताना त्याच्या आधीचं एक पान परत वाचा. वाक्यावाक्यात 'ऑस्टरलिट्झ म्हणाला' असं येत राहतं, कारण एक माणूस दुसऱ्याने सांगितलेलं आपल्याला सांगतो आहे. कधी त्यात तिसऱ्याचंही बोलणं मिसळतं. ते 'म्हणाला' गाळून वाचायची सवय लावून घेऊ नका, बोलतंय कोण हे फक्त त्याच्यावरूनच कळतं. खरं सांगायचं तर गाडीत वाचायचं हे पुस्तक नाही. गाडीसाठी 'नेव्हर लेट मी गो' घ्या : वाक्यं साधी, प्रकरणं आटोपशीर, तीनशेच्या आत पानं. फक्त मलपृष्ठावरचा मजकूर वाचू नका.

प्रश्न : या यादीत आपल्याकडचं काही आहे का? मराठी तर एकही नाही. हा पक्षपात नाही का?
— एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : पात्रतेची अट वर दिली आहेच : अमेरिकेत, इंग्रजीत. मराठी पुस्तक आधी इंग्रजीत जायला हवं, मग तिथल्या प्रकाशकाने घ्यायला हवं, आणि त्यानंतर त्या 503 जणांपैकी पुरेशा लोकांनी ते वाचलेलं हवं. गाळणी इतक्या आधी लागलेली आहे की मतदारांवर रागावून उपयोग नाही. आंतरराष्ट्रीय बुकरचंही तसंच : पुस्तक इंग्रजीत अनुवादित आणि ब्रिटन किंवा आयर्लंडमध्ये प्रसिद्ध झालेलं हवं. गीतांजली श्री यांची 'रेत समाधि' 2018 मध्ये हिंदीत आली. बुकर मिळालं ते 2022 मध्ये, डेझी रॉकवेल यांच्या इंग्रजी अनुवादामुळे. बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथांना 2025 मध्ये मिळालं ते दीपा भस्ती यांच्या अनुवादामुळे. बक्षिसाचे 50,000 पौंड लेखक आणि अनुवादक निम्मे-निम्मे वाटून घेतात, ते योग्यच आहे. 'रेत समाधि' मात्र इंग्रजीतून वाचू नका. आपल्याला हिंदी येतं, मूळच घ्या.

'टाइम्स'च्या यादीत आपल्या दारातलं एक पुस्तक आहे : कॅथरीन बू यांचं 'बिहाइंड द ब्यूटिफुल फॉरेव्हर्स', विमानतळाजवळच्या अण्णावाडी वस्तीवरचं, 2012चं. कादंबरीसारखं वाचलं जातं, पण कादंबरी नाही. शेवटी दिलेलं लेखिकेचं निवेदन आधी वाचा : 2007च्या नोव्हेंबरपासून 2011च्या मार्चपर्यंतचं वार्तांकन, तीन हजारांवर सरकारी कागदपत्रं, त्यातली बरीच माहितीच्या अधिकारातून मिळवलेली. मग मुख्य मजकूर वाचताना पात्राच्या मनातलं वाक्य आलं की 'हे हिला कळलं कसं?' असा प्रश्न पडतो तो निदान योग्य जागी पडतो. त्याच्या जोडीला जयंत पवार यांचा 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर' हा कथासंग्रह घ्या. 2012चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला होता. बाहेरून आलेली नजर आणि गिरणगावात मुरलेली नजर शेजारी ठेवली की यादीकारांना काय भावतं आणि काय दिसतच नाही, ते कळतं.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या वाचनकट्ट्यात सहा जण आहोत. 2000 नंतरच्या मराठी पुस्तकांची आमची स्वतःची यादी करायची आहे. पद्धत सांगाल का?
— वाचनकट्टा, खारघर

उत्तर : प्रत्येकाने दहा नावं लिहावीत आणि पहिल्याला 10, दुसऱ्याला 9 असे गुण द्यावेत, ही पद्धत सगळ्यांना सुचते. सहा जणांत ती फसते. एकाने एखादं पुस्तक पहिलं टाकलं की त्याला 10 गुण. तिघांनी एकच पुस्तक आठव्या जागी टाकलं तर 3 त्रिक 9. म्हणजे तिघांना आवडलेलं पुस्तक एकट्याच्या हट्टापुढे हरलं. उपाय सोपा आहे : निदान दोघांचं मत नसेल ते पुस्तक मुख्य यादीत येणार नाही असं आधीच ठरवा, आणि क्रम आधी मतांच्या संख्येवर लावा. गुण फक्त बरोबरी फोडायला. एकेकट्याची नावं वेगळ्या पानावर 'शिफारशी' म्हणून ठेवा. बहुधा तेच पान जास्त वाचनीय निघतं. एका लेखकाची दोनच पुस्तकं, हा नियमही करून टाका, नाहीतर नेमाडे-भक्त अर्धी यादी व्यापतील. चिठ्ठ्या चर्चेच्या आधी गोळा करा. चर्चेनंतर केल्या की सगळ्यांत मोठ्याने बोलणाऱ्याची यादी तयार होते.

नावं सुचत नसतील तर साहित्य अकादमीच्या पुरस्कारांपासून सुरुवात करा, पण तो पुरस्कार काय मोजतो ते समजून. त्यात क्रमवारी नसते. पुरस्काराच्या वर्षाच्या आधीचं एक वर्ष सोडून मागची पाच वर्षं धरतात. 2023च्या पुरस्काराला 2017 ते 2021 मधली पुस्तकं पात्र होती. आणि साहित्यप्रकार सगळेच येतात. 2015 ते 2024 या दहा वर्षांत मराठीत कादंबऱ्या फक्त तीन : नंदा खरे यांची 'उद्या' (2020, त्यांनी पुरस्कार नाकारला), प्रवीण बांदेकर यांची 'उजव्या सोंडेच्या बाहुल्या' (2022) आणि कृष्णात खोत यांची 'रिंगाण' (2023). कथासंग्रह दोन : आसाराम लोमटे यांचा 'आलोक' (2016) आणि किरण गुरव यांचा 'बाळूच्या अवस्थांतराची डायरी' (2021). बाकी कविता, समीक्षा आणि अरुण खोपकर यांचं सिनेमाविषयीचं पुस्तक. त्यामुळे नुसत्या पुरस्कारांवर यादी उभी केली तर नेमाडे यांची 'हिंदू' (2010), कविता महाजन यांची 'ब्र' किंवा रंगनाथ पठारे यांची 'सातपाटील कुलवृत्तांत' ही नावं येणारच नाहीत. ती तुम्हीच टाकायची.

'सातपाटील' आणि 'हिंदू' दोन्ही जाडजूड, एकाच महिन्यात मात्र ठेवू नका, कट्टा मोडेल. ग्रंथालयात बहुधा एकच प्रत असते, तेव्हा सहा जणांसाठी कथासंग्रह सोयीचा : एकेकाने दोन कथा वाचून पुस्तक पुढे सरकवायचं, आठवड्याला एक हात. ठाण्यात कुणाचं जाणं-येणं असेल तर 1893 साली स्थापन झालेल्या मराठी ग्रंथसंग्रहालयाचं सभासदत्व घ्यायला सांगा. जे पुस्तक 'आवृत्ती संपली' म्हणून दुकानात मिळत नाही, ते अशा जुन्या संग्रहात सापडण्याची शक्यता जास्त. नवं हवं असेल तर ग्रंथालयात मागणी नोंदवा. लेखक, प्रकाशक आणि वर्ष पूर्ण लिहा. अर्धवट नोंदी मागे पडतात.

प्रश्न : मुलगी अकरावीत आहे, तिलाही या यादीतलं काही द्यावं का?
— एक पालक, पाचपाखाडी

उत्तर : मार्जान सत्रापी यांचं 'पर्सेपोलिस'. चित्रांतून सांगितलेलं आत्मकथन, इराणमधल्या क्रांतीच्या काळातलं. दोन-तीन बैठकांत होतं. छळाचे आणि युद्धाचे काही प्रसंग आहेत, तेव्हा आधी तुम्ही वाचा. नंतर 'नेव्हर लेट मी गो'.

प्रश्न : वाचकांच्या मतांची यादीही निघाली होती असं ऐकलं. ती जास्त भरवशाची नाही का?
— एक वाचक, वाशी

उत्तर : निघाली होती, 'टाइम्स'नेच काढली. तिच्यात बार्बरा किंगसॉल्व्हर यांची 'डेमन कॉपरहेड' पहिली आली. लेखक-समीक्षकांच्या यादीत ती पहिल्या पन्नासातही नव्हती. वाचक नुकतंच वाचलेलं आणि रडवून गेलेलं पुस्तक वर टाकतात. लेखक-समीक्षक ज्या पुस्तकाकडून काही शिकले ते. कादंबरीत बुडून जायचं असेल तर वाचकांची यादी घ्या. दोन्हींत असलेलं पुस्तक मिळालं तर डोळे मिटून उचला.

प्रश्न : रस्त्यावर यादीतली पुस्तकं दीड-दोनशेला मिळतात. नकली कशी ओळखायची?
— एक वाचक, कोपरी

उत्तर : कडेने पानांचा गठ्ठा पाहा : समास कमी-जास्त आणि ओळी तिरक्या असतील तर ती छायाप्रत. पाठीवरची अक्षरं मध्यभागी नसतात, पहिल्या पानांतला प्रकाशनाचा तपशील पुसट असतो, आणि पुस्तक पूर्ण उघडलं की डिंक कडकन तुटतो. पान क्रमांक सलग आहेत का ते सोळा-सोळा पानांनी तपासा. गळतो तो बहुधा एक आख्खा फर्मा (एकत्र छापून दुमडलेला पानांचा जुडगा). 'ऑस्टरलिट्झ'ची नकली प्रत तर अजिबात घेऊ नका, छायाचित्रांच्या जागी काळे ठोकळे येतात. खरी जुनी प्रत हवी असेल तर आत ग्रंथालयाचा 'रद्द' शिक्का आहे का ते पाहा. तो नसताना ग्रंथालयाचा नुसता दाखल क्रमांक असेल तर ती चोरीची असू शकते, तिथेच ठेवून द्या.